बाटलीवरचं आणि बाटलीतलं

पादऱ्यात रमच्या ब्रँडांची तुलना होते, पण ती बहुधा ऐकीव असते. फौजेतल्या मेव्हण्यानं सांगितलेली, दमणला लग्नाला गेलेल्या चुलतभावानं रंगवलेली, नाहीतर आरोग्याच्या कारणावरून परमिट मिळालेल्या एखाद्या काकांनी आवाज खाली करून ऐकवलेली. ‘अमकीनं डोकं दुखत नाही’, ‘तमकी सात वर्षं मुरवलेली’, ‘काळी म्हणजे अस्सल, पांढरी म्हणजे नुसतं स्पिरिट’. बडोद्यापासून अर्ध्या तासावरच्या या भाजीपाल्याच्या गावात दारूचं दुकान नाही, त्यामुळे ही विधानं कुणी तपासायला जात नाही. गंमत अशी, की जिथे कोपऱ्याकोपऱ्यावर दुकान आहे त्या पुण्या-नाशकातही ती कुणी तपासत नाही. तिथेही माणूस कॉलेजात जी बाटली पहिल्यांदा हाती आली तिलाच जन्मभर चिकटून राहतो.

दोन्हीकडचा कायदा मुळात एकच आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा हा जुन्या मुंबई राज्याचा. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगलं तेव्हा तो गुजरात आणि महाराष्ट्र दोघांच्याही वाट्याला आला. पुढे दोघांनी त्याच्या नावातलं ‘मुंबई’ काढून आपापलं नाव घातलं. गुजरातनं बंदी ठेवली आणि ती कडक करत नेली. २०१७च्या दुरुस्तीनंतर दारू बनवणं-विकणं यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रानं परवान्यांची दारं उघडली, पण कायदा तोच ठेवला. त्यामुळे महाराष्ट्रात आजही कागदोपत्री पिणाऱ्याकडे परमिट असावं लागतं, आणि रमसारख्या कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर स्टेशन आहे. राज्यांची सीमा त्याच्या फलाटावरून जाते. बाकाच्या एका टोकाला बसलेल्याच्या पिशवीतली बाटली गुन्हा ठरते, दुसऱ्या टोकाला बसलेल्याची परमिटाची बाब. म्हणून पुढे चाखण्याबद्दल जे लिहिलं आहे ते सीमेपलीकडे करायचं आहे. हुंगण्याचा भाग मात्र पादऱ्यात घरबसल्या करता येतो, आणि अर्धी विद्या तिथेच आहे.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. रम उसाची. साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा, दाट, कडवट-गोड पाक उरतो ती मळी. एक टन ऊस गाळला की साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. तिच्यात अजून निम्म्याच्या आसपास साखर असते, पण ती दाण्याच्या रूपात काढणं परवडत नाही. मळीत पाणी आणि यीस्ट घातलं की ती आंबते, आणि त्या आंबवणाचं ऊर्ध्वपातन केलं की एका टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क मिळतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर नगर-कोल्हापूर-सांगली पट्ट्यात कारखाने वाढत गेले, आणि त्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्याही आल्या. पण या पट्ट्यातला मद्यधंदा सहकाराहूनही जुना आहे. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला डहाणूकरांनी १९३३मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स काढली; तीच पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज झाली आणि ब्रँडीसाठी नावाजली. मराठी माणूस रमकडे परदेशी चीज म्हणून पाहतो, पण तिचा कच्चा माल त्याच्याच शिवारातून ट्रॉलीत भरून जात असतो.

खुद्द बडोद्यालाही ऊर्ध्वपातनाची परंपरा आहे. १९०७ साली इथे अलेम्बिक केमिकल वर्क्स सुरू झालं, ते मद्यार्क आणि औषधी टिंक्चर बनवण्यासाठी. त्याच्या संस्थापकांत त्रिभुवनदास गज्जर आणि भाईलालभाई अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हे मराठी नावही आहे. अलेम्बिक म्हणजे अर्क काढायचं चोचदार भांडंच. औषधाचा मद्यार्क आणि प्यायचा मद्यार्क रसायनाच्या दृष्टीनं एकच, आणि हीच गोष्ट दारूबंदीच्या पहिल्या वर्षांत कायद्याला अडचणीची ठरली. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी बहुतांशी उचलून धरली, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंधनं रद्द केली.

आता भट्टीकडे येऊ, कारण रमची चव ठरते ती इथे. आंबवणात फक्त मद्यार्क तयार होत नाही. यीस्ट आणि जीवाणू मिळून शेकडो वासाची द्रव्यं बनवतात. त्यातली एस्टर नावाची मंडळी महत्त्वाची. पिकलेल्या केळ्याचा वास देणारं एक एस्टर, अननसाचा देणारं दुसरं, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखं झोंबणारं तिसरं. तांब्याच्या हंड्यात हळूहळू, एकेक घाणा गाळला तर यातलं बरंच काही वाफेबरोबर वर येतं. पण कित्येक मजले उंच स्तंभातून सतत प्रवाहानं गाळलं की शहाण्णव टक्क्यांचा जवळजवळ शुद्ध मद्यार्क मिळतो, ज्याला ना मळीचा वास ना केळ्याचा. भारतातली बहुतेक स्वस्त दारू या दुसऱ्या मार्गानं येते. त्या बिनचेहऱ्याच्या मद्यार्कात पाणी, जाळलेल्या साखरेचा रंग आणि स्वाद मिसळतात; बऱ्या ब्रँडात थोडा मुरवलेला माल घालतात. मग लेबल लागतं.

आणि इथे खरी मेख आहे. आपल्याकडची बहुतांश स्वस्त व्हिस्कीही याच मळीच्या मद्यार्काची असते. युरोपात व्हिस्की फक्त धान्याची असावी लागते, त्यामुळे मळीची भारतीय व्हिस्की तिथे व्हिस्की म्हणून विकता येत नाही. उसापासून केलेली म्हणजे ती रमच्याच गोतातली ठरते. म्हणजे ‘मी रम पीत नाही, व्हिस्कीच घेतो’ असं ताठ मानेनं सांगणारे कितीतरी मराठी गृहस्थ आयुष्यभर उसाचीच दारू पीत आलेत. दोन ब्रँडांत फरक शोधण्याआधी हे माहीत असलेलं बरं. कारण पुष्कळदा तो फरक उसाचा, भट्टीचा किंवा पिंपाचा नसून स्वाद मिसळणाऱ्याच्या हाताचा असतो. त्या हाताचं कसबही खरं आहे, मी ते हिणवत नाही. फक्त त्याला ‘अस्सल’ हा शब्द लावू नये इतकंच.

यासाठी ब्रँडाशी ब्रँड ताडून पाहण्यापेक्षा आधी जातीशी जात ताडावी. कॅरिबियन बेटांवर ही जातवारी स्पष्ट आहे. सतराव्या शतकात बार्बाडोसला मळीची दारू जोरात निघू लागली. तिथली रम आजही नेमस्त, तोल सांभाळणारी. जमैकाची रम एस्टरांनी ठासून भरलेली, जास्त पिकलेल्या फळांच्या पाटीसारखी. तिथे काही डिस्टिलऱ्या आधीच्या घाण्याचा उरलेला आंबट गाळ मुद्दाम पुढच्या आंबवणात घालतात. गयानात अजून लाकडी भट्ट्या चालतात आणि त्यांच्या रमला ज्येष्ठमध-काकवीचा जडपणा असतो. क्युबा-पोर्तो रिकोची परंपरा हलकी, कोळशातून गाळलेली. १८६२ साली क्युबातल्या सांतियागोला सुरू झालेली बकार्डी याच घराण्याची, आणि आपल्याकडे मिळणारी तिची पांढरी रम म्हैसूरजवळच्या नंजनगुडला तयार होते. मार्टिनिकची रम मळीची नसून थेट ताज्या उसाच्या रसाची. तिला ओल्या गवताचा, रसवंतीच्या चरकाजवळ येतो तसला वास असतो.

भारतीय रम या नकाशात कुठे बसते? ओल्ड मंक १९५४मध्ये मोहन मीकिननं बाजारात आणली. कंपनीची मुळं १८५५च्या सुमारास कसौलीला एडवर्ड डायरनं काढलेल्या ब्रुअरीत आहेत. जाहिरात जवळजवळ न करता फौजेच्या कँटीनमधून आणि हॉस्टेलांमधून ती देशभर पोहोचली. तिचा वास व्हॅनिला, जाळलेली साखर आणि किंचित मनुका. कोलात घातली तरी हा वास हरवत नाही, आणि माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण हेच आहे. मॅकडॉवेल्स सेलिब्रेशन खपात तिच्या पुढे गेली. ती जास्त सपाट आणि जास्त गोडसर लागते. बंगळुरूच्या अमृतची टू इंडीज वेगळ्या वाटेनं जाते. तिच्यात गुळापासून गाळलेला देशी मद्यार्क आणि कॅरिबियन रम यांचं मिश्रण आहे. गुळाचा वास ओळखू येणारी मला माहीत असलेली ही पहिली सहज मिळणारी बाटली. हरियाणात इंद्रीला पिकॅडिली डिस्टिलरीची कमिकारा उसाच्या रसाची, बारा वर्षं मुरवलेली आणि पन्नास टक्क्यांची. गोव्यात मकाझाई आणि सेग्रेदो अल्देइयासारखी नवी मंडळी छोट्या प्रमाणावर काम करतायत. या चार-पाच बाटल्यांना एकाच रांगेत बसवून गुण देणं म्हणजे आंबट आणि तिखट यांत पहिला नंबर काढण्यासारखं आहे.

गूळ हा तर आपल्या मुलखात नवा कच्चा मालच नव्हे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितलेत आणि त्यातली गौडी गुळाची. कौटिल्यानंही मद्यांच्या यादीत उसाच्या पदार्थांना जागा दिली आहे. तरी गुळाची दारू आपल्याकडे बदनाम आहे, आणि त्याला कारणही आहे. गुजरातेत चोरून विकला जाणारा ‘लठ्ठा’ असो की मुंबईची हातभट्टी, नाव गुळाचं असलं तरी माणसं मारतो तो मिथेनॉल, म्हणजे नशा वाढवायला किंवा माल पुरवायला कुणीतरी ओतलेलं कारखान्यातलं रसायन. २००९मध्ये अहमदाबादला, २०१५मध्ये मालवणीला, २०२२मध्ये बोटादला हेच घडलं. मिथेनॉलला वेगळी चव वा वास जवळजवळ नसतो. त्यामुळे बेनामी बाटली ‘नुसती चाखून पाहणं’ हा प्रकार कुणीही, कितीही तरबेज जीभ असली तरी, करू नये.

लेबलवर सगळ्यांत प्रामाणिक आकडा कोणता, असं विचारलं तर मी मद्यार्काचं प्रमाण म्हणेन. भारतीय रमवर तो जवळजवळ नेहमी ४२.८ टक्के असतो. चाळीस नाही, त्रेचाळीस नाही, ४२.८. हा आकडा इंग्रजी आरमाराच्या आणि अबकारीच्या जुन्या ‘प्रूफ’ मापातून आलाय. त्या मापात शंभर अंश म्हणजे साधारण ५७.१ टक्के. बंदुकीची दारू या मद्यात भिजवूनही पेट घेते, अशी तिची प्रसिद्ध कसोटी सांगितली जाते. त्याचे पंचाहत्तर अंश काढले की नेमके ४२.८ येतात. इंग्रज खलाशांना रोज रमचा शिधा मिळे; १७४०मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्ननं तो पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, आणि ही प्रथा बंद झाली थेट ३१ जुलै १९७० रोजी. शिधा गेला, मापही गेलं, आपल्या बाटलीवरचा अपूर्णांक मात्र राहिला.

बाकी लेबलवरच्या खुणा सावधपणे घ्याव्यात. ‘ट्रिपल एक्स’ म्हणजे काय याचं कुठलंही एक ठरलेलं मोजमाप नाही. काळा रंग वयाचा पुरावा नाही, कारण जाळलेल्या साखरेचे काही थेंब सहा महिन्यांच्या मालाला बारा वर्षांचा रंग देतात. उलट जमैकाची रे अँड नेफ्यू पाण्यासारखी पांढरी आहे, ६३ टक्क्यांची आहे, आणि तिचा पेला खोलीच्या या कोपऱ्यात ठेवला तर त्या कोपऱ्यात कळतो. आकड्यातलं वयही हवामानाशी जोडून वाचावं. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास द्रव उडून जातो. आपल्या उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी पट जातो, आणि लाकडाचा रसही तितक्याच घाईनं उतरतो. म्हणून इथली पाच-सहा वर्षं तिकडच्या दुप्पट वयासारखी लागू शकतात, आणि फार लांबवलं तर हाती फक्त लाकूड लागतं.

आता नाक. यासाठी पादऱ्याचा बाजार पुरेसा आहे. काकवी, ताजा गूळ, जुना काळवंडलेला गूळ, साल काळी पडलेलं केळं, अननस, मनुका, सुकं खोबरं, लवंग, आणि कढईत साखर जाळून केलेला कॅरॅमल हे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावं. डोळे मिटून ओळखावं. बहुतेकांना गूळ आणि काकवी यांतला फरकही पहिल्यांदा सांगता येत नाही, मग पेल्यात सांगता येईल कसा? व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास रममध्ये ओक लाकडाच्या पिंपातून येतो, केळं-अननस आंबवणातून, जाळलेली साखर बऱ्याचदा रंगाच्या डब्यातून. वास ओळखला की तो कुठून आला हे ओळखता येतं, आणि पिंपाचं श्रेय डब्याला जात नाही.

चाखताना पहिला घोट कधीच निकाल देत नाही. तो फक्त तोंडाला झिणझिण्या आणतो. (बडोद्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला घोट रमचा नव्हे, सरबताचा. १८७४मध्ये रेसिडेंट कर्नल फेअरनं पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट घेतले, चव विचित्र वाटली म्हणून बाकीचं फेकलं, आणि तळाशी उरलेल्या गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाल्याचं सांगितलं गेलं. आरोप आला मल्हारराव गायकवाडांवर. त्यांना पूर्वी थोरल्या भावानं, खंडेरावांनी, कैदेत ठेवलं होतं ते पादऱ्यालाच. पुढच्या वर्षी त्यांची गादी गेली.) आपण इतक्या घाईनं निकाल देऊ नये. सगळे पेले सारखे, तळाशी फुगीर आणि तोंडाशी आवळलेले घ्यावेत. प्रत्येकात वीस मिलिलिटरपेक्षा जास्त नको. बर्फ नको, गारव्यानं वास झोपतो. आधी हुंगावं, मग एक थेंबभर घोट, मग जवळजवळ तितकंच साधं पाणी घालून पुन्हा. पाणी घातल्यावर चांगली रम उलगडते. स्वाद मिसळलेली विरते. ही माझी सर्वांत आवडती परीक्षा, कारण तिला लेबल लागत नाही आणि जाणकारही लागत नाही. चारपेक्षा जास्त पेले एका बैठकीत ठेवले तर शेवटच्या पेल्याचं मत जिभेचं नसतं, आधीच्या पेल्यांचं असतं. थुंकायला भांडं जवळ असावं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. व्यावसायिक परीक्षक दिवसभर तेच करतात.

गोडव्याचा वेगळा तपास करावा लागतो. ऊर्ध्वपातनात साखर वर येत नाही, त्यामुळे गाळलेल्या रममध्ये ती असतच नाही. रम गोड लागली तर बहुधा ती नंतर घातलेली असते, किंवा व्हॅनिलाच्या वासानं जिभेला फसवलेलं असतं. जमैका आणि बार्बाडोसचे नामवंत रमवाले साखर घालण्याच्या विरोधात आहेत; युरोपीय संघानं लिटरला वीस ग्रॅमची मर्यादा घातलीय. घरी ओळखायला बशीत चमचाभर रम रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी बशी जवळपास कोरडी असेल तर ठीक. बोटाला चिकटणारं कडं राहिलं असेल तर साखर आणि रंग यांचा हिशेब तिथेच लागतो.

आणि त्या रूढ समजुती? थंडीत रम ऊब देते हे फक्त कातडीला वाटतं. रक्तवाहिन्या फुलून अंगातली उष्णता बाहेर जाते, आतलं तापमान उलट उतरतं. डोकं दुखणं-न दुखणं ब्रँडापेक्षा किती प्यायली आणि पाणी किती कमी प्यायलं यावर जास्त अवलंबून असतं.

चाखणाऱ्याला स्वतःवर विश्वास ठेवायचा नसेल, आणि ठेवू नयेच, तर तीन पेल्यांची चाचणी आहे. दुसऱ्या माणसानं दोन पेल्यांत एक रम आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, कुठे काय ते लिहून ठेवायचं. आपण फक्त वेगळा पेला ओळखायचा. एकदा बरोबर येणं नशीब असू शकतं, कारण अंदाजानंही तीनात एकदा जमतं. सलग पाच वेळा जमलं तर मात्र तो योगायोग असण्याची शक्यता २४३ मध्ये एक. घोट छोटे ठेवून ही चाचणी दोन-तीन दिवसांत वाटून करावी. आवडत्या दोन काळ्या ब्रँडांवर ती लावली की पुष्कळांची निष्ठा डळमळते. आणि एकच जोडी लावायला वेळ असेल तर दोन रम लावूच नयेत. आपली नेहमीची स्वस्त रम आणि त्याच किमतीची देशी व्हिस्की घ्यावी, भरपूर पाणी घालावं, रंग दिसू नये म्हणून स्टीलच्या पेल्यात ओतावी, आणि ‘मी व्हिस्कीच घेतो’ म्हणणाऱ्या गृहस्थांना पहिला मान द्यावा.